सोसणें म्हणजे अहिंसा नव्हे

अहिंसेवर बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्त्याचें मन सहजच रणांगणाकडे, राजकारणाकडे आणि थोर पुरुषांच्या चरित्रांकडे वळतें. युद्ध कसें थांबवावें, दोन जमातींतील वैर कसें मिटवावें, राज्यकर्त्यांच्या अन्यायास शांततेनें कसें तोंड द्यावें, हे प्रश्न महत्त्वाचे खरेच. पण आज मी आपणांपुढें जरा निराळा प्रश्न ठेवणार आहें. ज्या ठिकाणीं शांतता नांदते असें आपण म्हणतों, तेथें ती कोणाच्या जिवावर नांदते? गांवचा तंटा मिटला असें पंच जेव्हां जाहीर करतात, तेव्हां त्या तंट्यांत जी स्त्री गुंतलेली होती, तिलाही तो मिटला असें वाटतें काय? शांततेचें कार्य स्त्रीच्या बाजूनें पाहिलें तर त्याची मोजदाद बदलते, असें माझें म्हणणें आहे. तें कसें, हें थोडक्यांत सांगतों.

या विचाराला आमच्या दापोली तालुक्याइतकी योग्य भूमि क्वचितच सांपडेल. याच तालुक्यांतील पालगड येथें २४ डिसेंबर १८९९ रोजीं साने गुरुजींचा जन्म झाला, आणि याच तालुक्यांतील समुद्रकांठच्या मुरुड गांवीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण गेलें. एकानें मातेच्या हृदयाची महती घराघरांत पोंचविली. दुसऱ्यानें स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभें राहण्यासाठीं संस्था काढल्या. हीं दोन कार्यें एकमेकांस पूरक आहेत. परंतु आपण पहिल्याचें कौतुक करून दुसऱ्याचा विसर पाडतों, आणि तेथेंच आपल्या शांतिकार्याची वाट चुकते.

साने गुरुजींनीं 'श्यामची आई' हें पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. सत्याग्रहांत शिक्षा भोगीत असलेल्या एका कार्यकर्त्याला त्या एकांतांत आठवली ती आपली आई. पुढें १९४७ च्या मे महिन्यांत, पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें व्हावें म्हणून त्यांनीं प्राण पणास लावून उपोषण केलें. भूतदयेचे, निष्कपटतेचे आणि स्वाभिमानाचे संस्कार ज्या मुलावर एका गरीब घरांतील माउलीनें केले, तोच मुलगा मोठेपणीं समाजाच्या दारांत बसून न्याय मागतो, हा संबंध लक्षांत घेण्यासारखा आहे. अहिंसेचा पहिला धडा पुष्कळांना स्त्रीकडूनच मिळतो, हें यावरून दिसेल.

पण या पुस्तकाचे आम्हां वाचकांवर काय परिणाम झाले? डोळे पाणावले, आईविषयींची भक्ति वाढली, हें चांगलेंच झालें. मात्र त्या माउलीचें दारिद्र्य, सावकाराच्या माणसाकडून तिला सोसावा लागलेला अपमान, तिचें खंगत जाणें, या गोष्टींकडे आपण तिच्या थोरवीचे अलंकार म्हणून पाहूं लागलों. तें दुःख टाळतां आलें असतें काय, कर्जाच्या व घरवाटणीच्या व्यवहारांत तिचें मत कोणी विचारलें होतें काय, हा प्रश्न कितीकांच्या मनांत आला? मातेचा गौरव करणें सोपें असतें. निर्णयाच्या वेळीं तिला बरोबरीनें बसविणें कठीण असतें. ज्या घरांत आईच्या तसबिरीला हार घालतात, त्याच घरांत सुनेला जमिनीच्या कागदावर नुसती सही करावयास बोलावतात, हा अनुभव अपरिचित नाहीं.

आतां मुरुडकडे वळूं. पहिली पत्नी निवर्तल्यावर कर्व्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या. पुढें आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नांवानें त्या ओळखल्या गेल्या. हें दांपत्य मुरुडास गेलें, तेव्हां ग्रामस्थांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. कोणी काठी उगारली नाहीं, कोणाचें रक्त सांडलें नाहीं. वरवर पाहणाऱ्यास गांव शांतच दिसला असता. पण बहिष्कार ही हात न लावतां केलेली हिंसाच आहे, आणि तिचा भार घरांतील बायकांवर अधिक पडतो. विहिरीवर पाणी आणावयास जावें लागतें तें त्यांना, बाळंतपणांत शेजारणीची गरज लागते ती त्यांना, हळदीकुंकवाचें बोलावणें बंद होतें तें त्यांचें. पुरुष नोकरीधंद्यानिमित्त परगांवीं निघून जाऊं शकतो. बाईला त्याच आळींत दिवस काढावे लागतात.

वाळीत टाकण्याची ही रीत कोकणांतून लवकर नाहींशी झाली नाहीं. अखेर महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला व २०१७ सालीं तो अंमलांत आला. म्हणजे मुरुडच्या त्या बहिष्कारानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं तो गुन्हा ठरला. इतका काळ या हिंसेला हिंसा कां म्हटलें गेलें नाहीं? गांवांत शांतता आहे कीं नाहीं हें ठरविणारे लोक तिची झळ ज्यांना लागत नव्हती असेच होते, हेंच त्याचें एक मोठें कारण.

कर्व्यांनीं बहिष्काराला उत्तर दिलें तें शिव्याशापांनीं नव्हे. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० सालीं तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. बाया कर्वे यांनीं त्या कामासाठीं दारोदार हिंडून पैसे गोळा केले. १९४४ मध्यें कर्व्यांनीं समता संघ स्थापिला. हें सारें कार्य शांततेचेंच होतें. कारण ज्या स्त्रीला जाण्यास दुसरी जागा आहे, हातांत विद्या आहे, चार पैसे मिळविण्याचें साधन आहे, तिला कोणी सहजासहजी मारहाण करूं धजत नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सोसणें आणि सत्याग्रह हीं दोन्ही बाहेरून सारखींच दिसतात. दोहोंतही मनुष्य मार खातो आणि उलटून मारीत नाहीं. परंतु सत्याग्रही आपल्या इच्छेनें कष्ट पत्करतो. तो अन्यायाला तोंडावर अन्याय म्हणतो. आणि त्याला दुसरा मार्ग मोकळा असूनही तो हा मार्ग निवडतो. जिला बोलण्याची मुभा नाहीं, जाण्यास ठिकाण नाहीं आणि 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं, तिच्या मुकेपणाला अहिंसा म्हणणें ही त्या थोर शब्दाची विटंबना होय. अहिंसेचा उपदेश आपण बहुधा दुर्बळाला करतों. तो करावयाचा तर आधीं ज्याच्या हातांत काठी आहे त्याला केला पाहिजे.

हा भेद खुद्द स्वातंत्र्याच्या चळवळींतही झगडूनच प्रस्थापित करावा लागला. १२ मार्च १९३० रोजीं गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले, तेव्हां त्यांच्या निवडलेल्या तुकडींत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांना पुढें केलें तर त्यांच्या आडोशानें आपण लढलों असें होईल, अशी त्यांची भावना होती. दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करणें हें काम त्यांनीं स्त्रियांसाठीं राखून ठेविलें. भावना आदराचीच होती, पण तिनें स्त्रीला रक्षणीय वस्तु मानलें होतें. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीं गांधीजींना गांठून स्त्रियांनाही मिठाच्या सत्याग्रहांत भाग घेऊं द्यावा असा आग्रह धरला, आणि गांधीजींनीं तो मानला. मुंबईंत अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या महाराष्ट्रीय स्त्रिया त्या चळवळीच्या अग्रभागीं राहिल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत धारासना येथें सरोजिनी नायडूंनीं सत्याग्रहींचें नेतृत्व केलें, आणि आपल्या तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांत शिरोडें येथेंही मिठाचा सत्याग्रह झाला. ज्यांना शांततेच्या लढ्यांतून सौजन्यानें वगळलें होतें, त्यांनींच तो घरोघर नेला. मीठ हा चुलीशीं निगडित पदार्थ. त्याचा लढा चुलीपाशीं बसणारीस वगळून पुरा झालाच नसता.

याच्याही आधीं, १९२७ च्या डिसेंबरांत आमच्या शेजारच्या महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सत्याग्रह परिषदेच्या वेळीं स्त्रियांपुढें स्वतंत्र भाषण केलें होतें. बाबासाहेबांच्या बालपणाचा कांहीं काळ दापोलीच्या कँपांत गेला, हें आपणांस ठाऊक आहेच. पाण्याचा हक्क मागावयाचा तर पाणी वाहणाऱ्या स्त्रियांशीं बोललें पाहिजे, ही गोष्ट त्यांनीं ओळखली होती. पुढें १९३० पासून चाललेल्या नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांतही स्त्रिया उभ्या राहिल्या.

कोकणांतील आणखी एका सत्पुरुषाचें स्मरण येथें करणें अवश्य आहे. आप्पासाहेब पटवर्धन यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. ब्राह्मण घरांत जन्मून त्यांनीं मैलासफाईचें काम स्वतः हातीं घेतलें, आणि १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत तें काम आपणांस करूं द्यावें म्हणून उपोषण केलें. नुसती दया दाखवून अस्पृश्यता जाणार नाहीं, हलकें मानलेलें काम वांटून घेतल्यानेंच जाईल, हें त्यांच्या आचरणाचें सार. हाच न्याय घराला लावून पाहा. भांडीं घासणें, आजाऱ्याची उस्तवार, पहाटेचें पाणी, हीं कामें ज्या घरांत एकट्या बाईचीं मानलीं जातात, त्या घरांतील पुरुषानें चव्हाट्यावर समतेचें व्याख्यान देणें म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चालण्याचा उपदेश करण्यासारखें आहे. बाईला सभेस येण्यास सवड मिळत नाहीं, कारण ती आपण ठेविलेली नसते.

कोणी म्हणेल, हे जुने दाखले झाले. मग अलीकडचे पाहूं. १९९२ च्या डिसेंबरांत आणि १९९३ च्या जानेवारींत मुंबईंत भयंकर दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगानें ९०० माणसें मृत्युमुखीं पडल्याची नोंद केली. कोकणांतील घराघरांतून मुंबईस माणूस असतो. त्यामुळें तेथें लागलेल्या आगीची धग इकडे हर्णै-दाभोळच्या हिंदु व मुसलमान या दोन्ही घरांना लागल्याशिवाय राहत नाहीं. दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानें मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तींतील दोन्ही समाजांचे लोक यांनीं वेळोवेळीं एकत्र बसावें, अफवा पसरण्याआधींच तिची शहानिशा करावी, हें तिचें काम.

अशा कामांत स्त्रियांचें महत्त्व कशांत आहे, हें नीट समजून घ्या. अफवा ही नळावर, रेशनच्या रांगेंत, शाळेच्या फाटकाशीं पसरते, आणि तेथेंच ती खोडतांही येते. कोणत्या घरांतील पोरगा रात्रीं उशिरां येऊं लागला, कोणाच्या माळ्यावर दगड-सोडावॉटरच्या बाटल्या जमल्या, हें घरांतील बाईला पोलिसांच्या आधीं कळतें. समितींत सगळे पुरुषच बसले, तर हें ज्ञान बाहेर राहतें. शिवाय दंगल शमली असें वर्तमानपत्रांत छापून आल्यावरही तिच्यासाठीं ती शमलेली नसते. घरचा मिळवता मनुष्य गेला असेल, मुलीची शाळा भीतीनें बंद झाली असेल, सरकारी मदतीसाठीं कागद गोळा करीत तिला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत असतील. शांतता मोजावयाची ती या गोष्टींवरून.

जगाचा अनुभवही हाच आहे. पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां १९१५ च्या एप्रिलमध्यें हेग येथें युद्धमान राष्ट्रांतील स्त्रिया एकत्र जमल्या आणि वाटाघाटींनीं युद्ध थांबवावें अशी मागणी त्यांनीं केली. १९४८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत सर्व पुरुष असा अर्थ निघूं शकेल अशी मूळची शब्दयोजना बदलून सर्व मानव असे शब्द घालण्याचा आग्रह आपल्या हंसाबेन मेहता यांनीं धरला व तो मान्य झाला. २००३ सालीं लायबेरिया या आफ्रिकी देशांतील ख्रिस्ती व मुसलमान स्त्रिया पांढरीं वस्त्रें नेसून एकत्र बसल्या. तहाची बोलणीं रेंगाळूं लागतांच त्यांनीं सभागृहाच्या दारांत ठिय्या दिला. त्यांच्या अग्रणी लेमा ग्बोवी यांना २०११ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. ३१ ऑक्टोबर २००० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या सर्व कामांत स्त्रियांचा सहभाग असावा असें सांगितलें. तरीही संयुक्त राष्ट्रांच्याच मोजणीप्रमाणें १९९२ पासून २०१९ पर्यंतच्या प्रमुख शांतता-वाटाघाटींत बोलणीं करणाऱ्यांपैकीं स्त्रिया शेंकडा १३ आणि तहावर सह्या करणाऱ्यांपैकीं शेंकडा ६ इतक्याच होत्या. ठराव कागदावर, आणि खुर्च्या जुन्याच माणसांकडे, अशी ही स्थिति.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. स्त्रिया काय स्वभावानेंच शांत असतात? सासू सुनेला छळीत नाहीं काय? दंगलींत बायकाही चिथावणी देत नाहींत काय? देतात, हें कबूल केलें पाहिजे. स्त्री म्हणजे देवी, असें मी म्हणत नाहीं. देवी म्हणून मखरांत बसविणें हाही तिला बाहेर ठेवण्याचाच एक प्रकार आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, ज्याच्यावर परिणाम होतो त्याला निर्णयांत वांटा असावा. पायांतला कांटा कोठें सलतो हें पायच सांगूं शकतो. आणि ही दृष्टि पुरुषाच्याही हिताची आहे. "मुलगा असून रडतोस काय?" असें आपण लहानपणींच त्याला विचारतों. मग दुःख झालें, अपमान झाला, धंदा बुडाला, तरी त्याला राग तेवढा दाखवितां येतो. शाळेंत हयात घालविलेला मनुष्य या नात्यानें सांगतों, मारामारी करणाऱ्या मुलाला बोलतें केलें कीं रागाच्या तळाशीं पुष्कळदां रडूंच सांपडतें.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. १५ ऑगस्ट २००७ रोजीं महाराष्ट्रांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे तंटे कोर्टांत वर्षानुवर्षें कुजण्याऐवजीं गांवांतच सामोपचारानें मिटावेत, हा तिचा हेतु स्तुत्य होता. पण जेथें जेथें मिटलेल्या तंट्यांची संख्या हेंच यशाचें माप होतें, तेथें एक धोका असतो. नवऱ्यानें मारलें म्हणून बाई माहेरीं आली. पंच बसले. "झालें गेलें विसरून जा, पोरांकडे पाहा," असें तिला सांगितलें गेलें. नवऱ्यानें मान खालीं घातली, चहा झाला, बाई सासरीं गेली, आणि वहींत एक तंटा मिटल्याची नोंद झाली. तिच्या पाठीवरील वळांची नोंद मात्र कोठेंच झाली नाहीं. बांधाच्या भांडणांत दोन्ही पक्ष सारख्याच बळाचे असूं शकतात. मारणारा आणि मार खाणारी यांच्यांत तडजोड करावयास सांगणें म्हणजे अर्धा मार मान्य करण्यासारखें आहे.

म्हणून गांवांत शांततेचें काम करणाऱ्यांस माझी कांहीं नम्र सूचना आहे. पहिली ही कीं, स्त्रीचें म्हणणें तिच्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या अथवा भावाच्या समोर घेऊं नये. एकांतांत, दुसऱ्या जाणत्या स्त्रीनें तें ऐकावें. दुसरी, समितींत स्त्रिया नांवापुरत्या नसाव्यात. महाराष्ट्रांत २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखून ठेविल्या आहेत. तेव्हां जाणत्या स्त्रिया मिळत नाहींत ही सबब उरलेली नाहीं. सरपंचबाईच्या खुर्चीमागें उभें राहून तिचा नवरा बोलूं लागला, तर त्याला बाहेर बसण्यास सांगण्याचें धैर्य सभेनें दाखवावें. तिसरी, मारहाणीचा आणि अत्याचाराचा मामला तडजोडीचा नव्हे, कायद्याचा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आहे. त्यांत शरीराच्या माराबरोबरच मानहानि आणि पैशाची कोंडी यांसही हिंसा म्हटलें असून, स्त्रीला राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला आहे. संरक्षण अधिकारी त्यासाठींच नेमलेले असतात, आणि उत्पन्न कितीही असलें तरी स्त्रीला विधि सेवा समितीमार्फत विनामूल्य वकील मिळूं शकतो. ही माहिती तिला देणें म्हणजे घर मोडणें नव्हे.

चौथी सूचना सर्वांत सोपी, आणि म्हणूनच बहुधा विसरली जाते. समेट झाल्यावर महिन्यानें, सहा महिन्यांनीं आणि वर्षानें कोणीतरी तिच्या घरीं जाऊन विचारपूस करावी. तिला माहेरीं जातां येतें काय, तिच्या हातांत पैसा असतो काय, रात्रीं दाराची कडी वाजली कीं तिच्या छातींत धडकी भरते काय, एवढें पाहावें. या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तरच वहींतील नोंद कायम करावी.

श्रोतेहो, आमच्या कोकणांतील माणूस भांडखोर आहे असें लोक थट्टेनें म्हणतात. बांधाच्या वीतभर जागेसाठीं तो पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी चढतो. त्या वीतभर जागेचा न्याय इतक्या चिकाटीनें मागणाऱ्या समाजानें घरांतल्या स्त्रीच्या न्यायासाठीं त्याच्या दशांश चिकाटी दाखविली, तरी गांवें खरोखर तंटामुक्त होतील. पालगडच्या पुत्रानें दिलेलें मन आणि मुरुडच्या पुत्रानें दिलेली व्यवस्था, हीं दोन्ही आपल्याच मातींत उगवलीं आहेत. त्यांची सांगड घालण्याचें काम तेवढें आपल्याकडे आहे, आणि त्याचा आरंभ कोणत्याही परिषदेची वाट न पाहतां आज सायंकाळीं आपल्याच घरांत करतां येईल.